लंडनहून एका दिवसात जुनी पॅरिश चर्चं (त्या त्या वस्तीची स्थानिक चर्चं) आणि जॉर्जियन (मुख्यतः अठराव्या शतकातली) घरं दोन्ही पाहायची, तर बाथला जावं की आणखी कुठे?

बाथ सुंदरच आहे. रॉयल क्रेसेंटची तीस घरं (1767 ते 1774) अर्धचंद्राकार रांगेत उभी पाहिली की माणूस थक्क होतो. पण ते शहर बऱ्याच अंशी अठराव्या शतकात नव्याने आखलेलं आहे. तुम्हाला जुनी चर्चं आणि जॉर्जियन वस्ती एकमेकांना खेटून पाहायची आहे, त्यामुळे मी डोळे झाकून स्टॅमफर्डचं नाव घेईन.

लिंकनशायरच्या दक्षिण टोकाला, वेलंड नदीकाठी हे गाव आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून रेल्वेने पीटरबरो, तिथे गाडी बदलली की पुढे साधारण पंधरा मिनिटं. मध्ययुगातली पाच पॅरिश चर्चं इथे आजही उभी आहेत: ऑल सेंट्स, सेंट मेरी, सेंट जॉन, सेंट जॉर्ज आणि नदीपलीकडचं सेंट मार्टिन. सगळी पायी फिरण्याच्या अंतरावर.

सुरुवात ऑल सेंट्सपासून करा, आणि आत जाण्याची घाई करू नका. बाहेरूनच भिंत नीट पाहा. खालच्या भागात बारीक खांबांवर तोललेल्या कमानींची रांग दिसेल. त्या कमानींतून आरपार काहीच दिसत नाही, कारण त्या निव्वळ नक्षी म्हणून भिंतीवर कोरलेल्या आहेत. हे तेराव्या शतकातलं काम. आता मान वर करा. रुंद खिडक्या, मनोरा आणि त्यावरचा टोकदार कळस पंधराव्या शतकातला. मधल्या काळात गावात पैसा आला होता, लोकरीचा. ब्राउन घराण्यातल्या लोकरीच्या व्यापाऱ्यांनी हे चर्च जवळजवळ नव्याने उभं केलं. त्यांचे पितळी स्मृतिपट्ट आत आहेत, आणि त्यांत पायाखाली चक्क लोकरीचे गठ्ठे कोरलेले आहेत. आपली कमाई कशातून झाली हे देवाच्या दारी इतक्या उघडपणे सांगणारी माणसं मला फार आवडतात.

जॉर्जियन काळ म्हणजे पहिल्या जॉर्ज राजापासून चौथ्यापर्यंत, 1714 ते 1830. तोवर लोकरीचे दिवस सरले होते. नवा पैसा रस्त्याने आणला. लंडनहून उत्तरेकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड गावातूनच जायचा, घोडागाड्या इथे मुक्कामाला थांबायच्या. ‘द जॉर्ज’ या जुन्या सराईच्या पाटीची तुळई अजूनही रस्त्यावर आडवी आहे, तिच्याखालूनच वाहनं जातात. 1768 मध्ये नाटकगृह झालं, 1779 मध्ये टाउन हॉल.

त्या काळातली घरं ओळखायला सोपी: दर्शनी बाजू समतोल, दार बहुधा मधोमध, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या आणि वरच्या मजल्यावर त्यांची उंची कमी झालेली. पण समोरून पाहून पुढे जाऊ नका. बाजूची बोळ असेल तर तिच्यात शिरा. कितीतरी घरांचा फक्त चेहरा अठराव्या शतकातला आहे. मागे जुनं लाकडी सांगाड्याचं, उतरत्या छपराचं घर तसंच ठेवलेलं आहे. मालकांनी पुढची भिंत तेवढी नव्या चालीची करून घेतली.

मग चर्चं आणि घरं अशी एकजीव का दिसतात? दगडामुळे. बार्नॅक, केटन अशा जवळच्या खाणींतला फिकट पिवळसर चुनखडीचा दगड शतकानुशतकं दोन्हीकडे वापरला गेला. छपरांवर कॉलिवेस्टनच्या दगडी फरशा. त्या काढायची रीत ऐकण्यासारखी आहे: दगड काढून हिवाळ्यात उघड्यावर ओला ठेवायचा, थर गोठून आपोआप सुटतात. छपरावर त्या रचताना मोठ्या फरशा खाली, पागोळीकडे, आणि वर जाताना लहान होत जातात. सेंट मेरीच्या टेकडीवरून गावाची छपरं पाहा, म्हणजे लक्षात येईल. 1967 मध्ये इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र म्हणून याच गावाची निवड झाली, ती योग्यच होती असं मला वाटतं.

सेंट जॉनमध्ये छताच्या लाकडावर कोरलेले देवदूत पाहायला विसरू नका. मग पूल ओलांडून सेंट मार्टिनला जा. तिथे पहिल्या एलिझाबेथ राणीचे मंत्री लॉर्ड बर्घली यांची भव्य समाधी आहे, आणि चर्चसमोरच्या चढणीवर दोन्ही बाजूंना जॉर्जियन घरांची रांग. माझ्या मते गावातला सर्वांत देखणा रस्ता हाच.

शक्यतो रविवारी सकाळी जाऊ नका, प्रार्थना चालू असताना आत फिरणं बरं दिसत नाही. आणि जवळचा बर्घली हाउसचा वाडा त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा. तो एलिझाबेथच्या काळातला आहे आणि त्यालाच अख्खा दिवस लागतो.