कोचनं जागा बदलायला सांगितली, म्हणजे आपलं संपलं का?

समुपदेशनाच्या सत्रांत व्यावसायिक खेळाडूंशी बोलताना एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. ‘कोच म्हणतात, पोझिशन बदल. मला बाजूला सारायची ही सुरुवात तर नाही ना?’ व्हॉलीबॉलमध्ये तो जास्तच बोचतो, कारण इथं प्रत्येक जागेचं काम फार वेगळं असतं. एकीनं दहा वर्षं घोटलेलं कौशल्य दुसऱ्या जागेवर लागतही नाही.

ज्या मुलीबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती आउटसाइड हिटर, म्हणजे नेटच्या कडेनं उडी घेऊन बॉल मारणारी, तिशीच्या उंबरठ्यावर. ‘बॉल हिला द्या, ही मारणारच’ हे ऐकत वाढलेली. दोन हंगाम खांदा कुरकुरत होता. पुढच्या करारासाठी क्लबनं विचारलं, लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी खेळाडू, म्हणून खेळशील का? तिनं उत्तर दिलं नव्हतं. या खेळात करार बहुधा एकेका हंगामाचे असतात, त्यामुळे गप्प राहणं हाही नकारच धरला जाईल हे तिला कळत होतं. रात्र रात्र जागून ती स्वतःच्याच जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघत बसायची.

लिबेरोबद्दल तिच्या मनात काय होतं हे समजायला नियम माहीत हवेत. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये ही जागा १९९८ मध्ये आली. लिबेरोची जर्सी वेगळ्या रंगाची. ती मागच्या रांगेतच खेळते, ब्लॉक करत नाही (नेटवर हात उंचावून बॉल अडवत नाही), आंतरराष्ट्रीय नियमांत सर्व्हही करत नाही, आणि नेटच्या वर असलेला बॉल मारून पलीकडे धाडू शकत नाही. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं. आजवर ज्या उंचीवर तिचं नाव झालं, ती उंचीच नियमानं बंद होणार होती. “मॅडम, सगळ्यांपेक्षा वेगळा रंग घालून उभी राहीन आणि सगळ्यांना कळेल की हिला आता मारता येत नाही,” ती म्हणाली.

इथं पटकन धीर द्यायचा मोह होतो. मीही ब्राझीलच्या दोन खेळाडूंची नावं घेतली. सेटर (हिटरसाठी बॉल उंचावून देणारी) फोफाओ बरीच वर्षं फर्नांडा व्हेंतुरिनीच्या मागे राखीव होती, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची मुख्य सेटर होती. मिडल, म्हणजे नेटच्या मधोमध खेळणाऱ्या कॅरोल गत्ताझनं टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा ती ४० वर्षांची होती. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एक सेटर, एक मिडल. दोघींपैकी कुणालाच जागा सोडावी लागली नाही.” अगदी खरं होतं. चॅम्पियनचे दाखले औषधासारखे देऊ नयेत असं माझं मत आहे. ऐकणारीला वाटतं, तेवढं जमलं नाही तर दोष आपलाच.

मग आम्ही तिच्या एका भीतीत गुंतलेले तीन धागे सुटे केले. खांद्याचं पुढं काय होईल? पैसे किती कमी होतील? आणि लोक काय म्हणतील? तिन्ही एकदम मनात आले की उत्तर एकच निघायचं: संपलं. पहिल्या धाग्यासाठी माझं मत कामाचं नव्हतं, तिथं डॉक्टर आणि फिजिओ हवेत. क्लबशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना दाखव, एवढंच मी सुचवलं. दुसऱ्यासाठी एजंटला सरळ आकडा विचारायचा. साधारणपणे मोठे करार गुण मिळवणाऱ्यांनाच मिळतात, आणि संघात लिबेरोच्या जागा एक-दोनच असतात. हे तिच्यापासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

तिसरा धागा मात्र चिवट निघाला. एका सत्रात मी तिला म्हटलं, समोरून फ्लोटर सर्व्ह येतोय असं समज आणि मला उभं राहून दाखव. ती उठली. गुडघे वाकवले, हात जोडून पुढे धरले आणि बोलायला लागली. फ्लोटर फिरत नाही, म्हणून शेवटच्या क्षणी डगमगतो, हातांनी त्याच्यामागे धावायचं नसतं, पाय आधी पोचले पाहिजेत. सर्व्ह करणारीचा खांदा कुठं वळलाय ते बघायचं. संघातल्या धाकट्या मुली ‘ताई, हा बॉल माझा की तुझा?’ असं तिला सामन्यात ओरडून विचारतात, कारण जागा वाटून देण्याचं काम आधीपासूनच ती करत होती. बराच वेळ ती बोलत राहिली. दुखरा खांदा चोळायची तिची सवय, तेवढ्या वेळात हात एकदाही तिकडं गेला नाही. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती जरा वैतागलीच. “म्हणजे मी लिबेरो व्हावं असंच तुम्हाला वाटतं ना?”

तसं नव्हतं. रिसेप्शन, म्हणजे समोरचा सर्व्ह घेणं, चांगलं असणारी हिटर हिटर म्हणूनही टिकते. आउटसाइडला सर्व्ह घ्यावाच लागतो. मला एवढंच हवं होतं की ती निर्णय घेईल तेव्हा आपल्याला काय काय येतं याची यादी पुरी असावी. तिच्या यादीत फक्त स्पाइक, म्हणजे उडी घेऊन मारलेला फटका, होता.

पुढचं काम तिनंच केलं. कोचकडे जाऊन विचारलं, “हे माझ्या खांद्यामुळे आहे, की तुम्ही दुसरी हिटर घेताय?” असा प्रश्न विचारायला खेळाडू घाबरतात, कारण उत्तर नकोसं असू शकतं. तिचंही तसंच निघालं. दोन्ही कारणं खरी होती, तरुण हिटर आधीच ठरली होती. त्या रात्री ती खूप रडली, आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपली, असं तिनं मला सांगितलं. अंदाज बांधत बसण्याचा थकवा तरी गेला होता.

तिनं थोड्या कमी पैशांत एका हंगामाचा लिबेरोचा करार केला. त्यात खांद्याच्या उपचारांचा खर्च क्लबनं करावा हे लिहून घेतलं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबकडे हिटर म्हणून ट्रायल द्यायची वाट मोकळी ठेवली. वेगळ्या रंगाची जर्सी तिला अजून आवडत नाही. पहिल्या काही सामन्यांत उंच आलेला बॉल बघून उडी मारायला पाय आपोआप उचलले जायचे, मग ती स्वतःवरच चिडायची. सध्या आमच्या सत्रांत तोच विषय आहे, आणि प्रशिक्षकाचा पहिला अभ्यासक्रम खेळता खेळताच करावा का, हा दुसरा.