लस घेतलेल्या कुत्र्यापासून कॅटालिना बेटावरील खोकडांना धोका असतो का?

आपण लॉस एंजेलिसला राहता, आपल्या कुत्र्याचे सर्व डोस पूर्ण आहेत, आणि सुट्टीत त्याला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील कॅटालिना बेटावर नेले तर तेथील दुर्मीळ खोकडांना बाधा होईल का, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्यक आहे. लसीमुळे सर्वांत मोठा धोका टळतो, पण सगळे टळत नाहीत.

१९९९ च्या सुमारास या बेटावर डिस्टेंपर या प्राणघातक विषाणुजन्य रोगाची साथ पसरली आणि सुमारे १३०० खोकडांपैकी जेमतेम १०० उरली. टू हार्बर्स या वस्तीजवळ बेट अगदी चिंचोळे होत असल्याने साथ पलीकडे पोहोचली नाही आणि पश्चिम टोकाची खोकडे वाचली. त्यांतील काहींना पिंजऱ्यात ठेवून पैदास केली गेली, म्हणून ही उपजात आज टिकून आहे. विषाणू बोटीतून आलेल्या रॅकून या अमेरिकी वन्य प्राण्याबरोबर आला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. त्यामुळे त्या साथीचा दोष कुत्र्यांच्या माथी मारणे योग्य नाही. मात्र हाच रोग लस न दिलेल्या कुत्र्यांनाही होतो आणि शिंक, लाळ, मूत्र यांवाटे पसरतो.

आता दरवर्षी शेकडो खोकडांना सापळ्यात धरून, डोळ्यांवर टोपी चढवून, भूल न देता लस टोचली जाते. कुत्र्यांना आम्ही सर्रास देतो ती लस तेथे चालत नाही, कारण तिच्यातील क्षीण केलेला जिवंत विषाणू काही वन्य प्राण्यांत प्रत्यक्ष रोगच निर्माण करू शकतो.

लसीच्या कक्षेबाहेर राहतात ते जंत आणि कानात खरूज उठवणारे बारीक किडे. रशियाच्या मेद्नी बेटावरील आर्क्टिक खोकडांत १९७० च्या दशकात अशीच खरूज पसरली, ती कुत्र्यांबरोबर आली असे मानले जाते. पिल्ले मोठ्या प्रमाणावर दगावली आणि तेथील संख्या अजूनही सावरलेली नाही. कुत्र्यांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्व्होचा विषाणू तर मातीत महिनोन्महिने तग धरतो, आणि स्वतः निरोगी असलेल्या कुत्र्याच्या पंजांना चिकटूनही तो पोहोचू शकतो.

म्हणून निघण्यापूर्वी जंताचे औषध द्यावे, कान तपासून घ्यावेत, पंजे धुवावेत. बेटावर पट्टा सोडू नये, विष्ठा लगेच उचलावी आणि खाण्याचे भांडे रात्री बाहेर ठेवू नये. खोकला, नाकाडोळ्यांतून स्राव किंवा जुलाब दिसल्यास बेत रद्द करावा. शेजारच्या सांता क्रूझ किंवा सांता रोझा बेटांचा विचार असेल, तर तेथील राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यांना मुळातच बंदी आहे.