घरातला कापूस आणि बावीसचा भाव

प्रश्न : मॅडम, आमची राळेगाव तालुक्यात पाच एकर कोरडवाहू शेती आहे. यंदाचा (२०२४-२५ चा) २८ क्विंटल कापूस दिवाळीपासून आतल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलाय. आम्ही सगळे स्वयंपाकघरात झोपतो, पोरांच्या अंगाला खाज सुटलीय. खेडा खरेदीवाला (गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी) क्विंटलला ७,१०० देतो. मामाजी (माझे सासरे) म्हणतात, "बावीसमंधी अकरा हजार भेटले, आता काय सातमंधी देऊ?" २०२३ मध्ये ८,२०० चालू होता, तेव्हाही दिला नाही. मग पेरणीच्या तोंडावर ७,००० नं द्यावा लागला. वेचाईसाठी बचत गटातून उचललेल्या पैशाचे हप्ते चालूच आहेत. मामाजी समजदार माणूस आहेत. मग असं का होतं?
— एक सून, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मामाजी समजदार आहेत हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, ते मला फार आवडलं. यात भल्याभल्यांची बुद्धी अडकते. डॅनिएल कानेमान आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, १९७४ साली तो 'सायन्स'मध्ये छापून आला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? चक्र १० वर थांबलं त्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ वर थांबलं त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी कानावर पडलेल्या आकड्यानं अंदाज आपल्याकडे ओढला.

तुमच्या घरात तो आकडा अकरा हजारांचा आहे, आणि तो तर मामाजींनी स्वतः हातानं मोजून घेतलेला. पण तो भाव आला कुठून? तेव्हा जगभरातच कापूस महागला होता. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई (सरकी काढलेला कापूस) पौंडाला १५० सेंटच्या वर गेली होती. २०११ नंतर पहिल्यांदाच. ऑक्टोबरअखेर ती जवळपास निम्म्यावर उतरली. कारण गेलं, भाव गेला, आकडा मात्र डोक्यात राहिला.

दुसरी गोष्ट याहून चिवट आहे. याच दोघांनी १९७९ मध्ये मांडलं की हजार रुपये मिळाल्याचा आनंद असतो त्याहून हजार गेल्याचं दुःख कितीतरी जड असतं, आणि तोटा समोर दिसला की माणूस तो टाळायला मोठी जोखीम घेतो. मनात अकरा पक्के असले की २०२४-२५ चा ७,५२१ चा सरकारी हमीभावही मिळकत वाटत नाही, क्विंटलमागं साडेतीन हजार बुडाल्यासारखे वाटतात. कापूस विकला की ते बुडणं कायमचं. घरात ठेवला तर आशा तरी शिल्लक. मामाजी हट्टी आहेत म्हणून थांबत नाहीत, त्यांना ते दुखतं म्हणून थांबतात. हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्यात पारावरच्या गप्पा. थांबून बारा हजार घेतलेल्याचं नाव गावात सगळ्यांना पाठ असतं. थांबून सातनं देणारा गुपचूप गाडी भरून जातो, त्याची गोष्ट कोण सांगणार?

म्हणून मामाजींना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका. रात्री जेवणं झाल्यावर एवढंच विचारा : "मामाजी, खोली रिकामी असती आणि हातात दोन लाख रोख असते, तर आज ७,१०० नं २८ क्विंटल कापूस विकत घेऊन इथं भरला असता का?" २८ क्विंटलचे १,९८,८०० होतात, म्हणजे हिशेब तोच आहे. फक्त अकरा हजार बाजूला पडतात. ते "हो, घेतला असता" म्हणाले तर कारण विचारा आणि नीट ऐका. सरकीचा (कापसाच्या बियांचा) भाव चढतोय, जिनिंगवाल्याकडं मागणी आहे, असं आजचं काही कारण असेल तर थांबण्यातही शहाणपण आहे. कारण "बावीसमंधी" एवढंच असेल तर ते त्यांच्या स्वतःच्याच कानाला जाणवेल.

थांबायचंच ठरलं तर अर्धाच कापूस ठेवा. किती भाव आला की द्यायचा आणि नाहीच आला तर कोणत्या तारखेला द्यायचा, हे आजच कॅलेंडरवर मामाजींच्या हातानं लिहून घ्या. पलीकडच्या रकान्यात बचत गटाचं व्याज आणि वाळून घटणारं वजन मांडा.

राहिलेला अर्धा खेडा खरेदीत घालू नका. २०२४-२५ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ ठरला होता, म्हणजे ७,१०० पेक्षा ४२१ जास्त. सीसीआय (हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ) १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा कापूस घेते, ८ टक्क्यांच्या वर गेला तर भाव कापते. दिवाळीपासून घरात असलेल्या कापसाला ती अडचण सहसा येत नाही. पिवळा पडलेला, कवडीचा (किडका, नीट न फुललेला) माल आधीच निवडून वेगळा करा. कापसाची नोंद असलेला सातबारा, आधार आणि आधारशी जोडलेलं बँक पासबुक घेऊन सीसीआयचं खरेदी केंद्र बंद व्हायच्या आत जा. आणि पोरांची खाज डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा, त्यासाठी भावाची वाट पाहू नका.