सँटोरिनी, ऑगस्ट आणि तुमचे प्रश्न

मे उजाडला की ग्रीसचे, त्यातही सँटोरिनी बेटाचे प्रश्न सुरू होतात, आणि दर वर्षी तेच ते. रील बघून बेत ठरलेला असतो, तिकिटं काढून झालेली असतात आणि मग मला विचारतात. असो, काही घेते.

एजंट म्हणतो व्हिसा 15 दिवसांत येतो. ऑगस्टसाठी जूनअखेर अर्ज केला तर चालेल ना?

15 दिवस हे अर्ज दाखल झाल्यानंतरचे, आणि ते 45 पर्यंत वाढू शकतात. अपॉइंटमेंट मिळण्यात किती दिवस जातील ते यात धरलेलंच नाही. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, मग जूनअखेरपर्यंत थांबायचं कशाला? मोठ्यांची फी 90 युरो. 'गॅरंटीड स्लॉट'चे वेगळे पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. कागदपत्रांची यादी व्हिसा सेंटरच्या साइटवरून घ्या, एजंटच्या व्हॉट्सॲपवरून नको.

सँटोरिनीच्या जुन्या बंदरावरून गाढवावर बसून वर कड्यावरच्या गावात जावं का?

नाही. केबल कार आहे.

17 ऑगस्टला सकाळच्या हायस्पीड फेरीने सँटोरिनीहून पिरेअस (अथेन्सचं बंदर) आणि त्याच रात्री अथेन्सहून मुंबईची फ्लाइट. मधे 6 तास आहेत, पुरतील ना?

कागदावर पुरतात. फेरी बंदरातून निघाली तर.

हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणीतरी ऑगस्टमध्ये रात्री फोन करून रडतं, म्हणून जरा सविस्तर. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कनकडे जास्त दाब, तुर्कस्तानवर कमी दाब, आणि हा कमी दाब आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याशी जोडलेला असतो, म्हणजे इकडे आपला पावसाळा भरात असतो तेव्हाच तिकडे हा सुटतो. गंमत अशी की आकाश निळंशार, ऊन कडक, ढगाचा पत्ता नाही, त्यामुळे हॉटेलच्या बाल्कनीतून बघणाऱ्याला वाटतं काय झकास हवा आहे, आणि तिकडे कोस्टगार्डने बोटी सोडायला मनाई केलेली असते. त्यातही हलक्या हायस्पीड बोटी आधी थांबतात, मोठी जुनी फेरी बऱ्याचदा नंतरपर्यंत चालू राहते. ती 7-8 तास घेते म्हणून आपण ती नको म्हणतो आणि जास्त पैसे देऊन हायस्पीड घेतो! मग सँटोरिनीच्या अथिनिओस या फेरी बंदरावर तापलेल्या काँक्रीटवर बॅगांवर बसलेली माणसं, पोरं रडतायत, आणि फेरी कंपनीच्या काउंटरवर एकच उत्तर, रिफंड घ्या नाहीतर पुढच्या बोटीत बघतो. युरोपच्या नियमाने तेवढं मिळतं, पण हवामानामुळे रद्द झालं तर वर नुकसानभरपाई नाही, आणि तुमच्या फ्लाइटशी त्यांचं काही देणंघेणं नाही कारण तिकीट वेगळं आहे. ऐनवेळी विमानाने अथेन्सला जाऊ म्हणाल, तर 15 ऑगस्ट ही ग्रीसमध्येही मोठी सुट्टी, मेरी मातेचा सण, अर्धं अथेन्स बेटांवर असतं आणि आपलेही लोक नेमका तोच लाँग वीकेंड धरतात. सीट कुठली मिळायला?

तेव्हा शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा. 'माझ्या मावसभावाचं काही झालं नाही' हे मला सांगू नका, त्या दिवशी वारा नव्हता एवढंच. पॅकेज असेल तर टूरवाल्याला विचारा की शेवटच्या दिवशी फेरी ठेवलीच का, आणि बोट रद्द होऊन फ्लाइट चुकली तर पैसे मिळतात का ते विमा कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवर नको.

क्वाड बाइकसाठी (चार चाकांची बाइक) भारतातलं लायसन्स चालतं असं ऐकलं.

ऐकलं असेल. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. काही दुकानदार त्याशिवायही चावी देतात, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला तोच कागद मागते. पॉलिसीत क्वाड वगळलाय का तेही लेखी विचारून घ्या, पुष्कळ पॉलिसींत वगळलेला असतो.

'सी व्ह्यू' हॉटेल स्वस्तात मिळतंय. आईचे गुडघे दुखतात. घेऊ का?

सी व्ह्यू म्हणजे कॅल्डेरा (ज्वालामुखी खचून झालेला, समुद्राने भरलेला खड्डा) व्ह्यू नव्हे, पूर्वेकडच्या कामारीतूनही समुद्रच दिसतो! पण तुमच्यासाठी तेच बरं. फिरा आणि ओइया या गावांतली कड्यावरची हॉटेलं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, कधी कधी खोलीपर्यंत बॅगही माणूस खांद्यावर आणतो. कामारी, पेरिसा सपाट आहेत. बुकिंगआधी हॉटेलला विचारा की रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि आईंच्या डॉक्टरांनाही विचारा, कारण ऑगस्टचं ऊन वेगळं.

2025 मध्ये भूकंप झाले होते. जावं का?

जानेवारी-फेब्रुवारीत धक्क्यांची मालिका झाली, हजारो लोक बेट सोडून गेले, नंतर ती ओसरली. बेट ज्वालामुखीचंच आहे, तिथे कोणी गॅरंटी देत असेल तर ऐकू नका. निघण्याआधी ग्रीसच्या सरकारी सूचना बघा, रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळतं. तिथला फावा मागवा, लाखेच्या डाळीच्या भावकीतल्या दाण्याचा पिवळा घट्ट गोळा, आणि टोमॅटोची भजी. जैन असाल तर कांदा नको हे ऑर्डर देतानाच सांगा, फावावर तो हमखास घालतात.