दहा दिवसांचा हिशेब

प्रिय,

शेजारी देशांमधल्या पाणीप्रश्नावर काम करायचं म्हणतोस, तर जाडजूड पुस्तकं तूर्त बाजूला ठेव आणि भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार समोर घे. 12 डिसेंबर 1996 ला तेव्हाचे दोन पंतप्रधान, भारताचे देवेगौडा आणि बांगलादेशच्या शेख हसीना, यांनी त्यावर सह्या केल्या. मुदत 30 वर्षं. कलमं बारा, परिशिष्टं दोन. आधी परिशिष्टं वाच, कलमं मग. मैत्री, सद्भावना हे शब्द प्रस्तावनेत असतात. भांडण नेहमी परिशिष्टावरून होतं.

पहिल्या परिशिष्टात सूत्र आहे. फराक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याला, 70,000 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) किंवा त्याहून कमी पाणी आलं तर निम्मं-निम्मं. 70,000 ते 75,000 असेल तर बांगलादेशला 35,000, उरलेलं भारताला. 75,000 च्या वर गेलं की भारताला 40,000, बाकी बांगलादेशला. भारताचा आकडा 40,000 च का? फराक्क्याहून भागीरथी-हुगळीत पाणी नेणारा फीडर कालवा तेवढ्याच क्षमतेचा आहे. कोलकाता बंदरातला गाळ त्या पाण्याने हटेल, अशी मूळ योजना. कुठलाही गोल आकडा दिसला की त्याच्यामागचं बांधकाम शोधायची सवय लाव.

हे सगळं फक्त 1 जानेवारी ते 31 मे या काळापुरतं, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत. शिवाय एक अट आहे आणि नवखे तिथेच चुकतात. 11 मार्च ते 10 मे या सहा टप्प्यांत दोन्ही देशांना आळीपाळीने एकेक टप्पा 35,000 क्युसेकची हमी आहे. दुसऱ्या परिशिष्टातली 21 ते 30 एप्रिलची ओळ बघ. सरासरी प्रवाह 60,992. नुसत्या सूत्राने प्रत्येकी 30,496 आले असते. पण तो टप्पा बांगलादेशच्या हमीचा, म्हणून त्यांना 35,000 आणि भारताला 25,992. त्याच्या आधीच्या टप्प्यात उलटं: भारताला 35,000, बांगलादेशला 27,633. या ओळी स्वतः कागदावर मांडल्याशिवाय बैठकीत तोंड उघडू नकोस. आणि 21 ते 31 मार्च हा टप्पा अकरा दिवसांचा आहे. दहाने गुणलंस तर एका दिवसाचं पाणी गायब होईल.

आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून तो टीएमसीत कर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच दिवसभर 11,574 क्युसेक. 35,000 क्युसेक दहा दिवस सोडलं की साधारण 30 टीएमसी होतं. खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी इतकं पाणी मावत नाही. पुण्यात वर्षभर ज्यावरून हमरीतुमरी होते, ते तिथे दहा दिवसांत वाहून जातं.

आता मोजणी. दोन्ही देशांची पथकं फराक्का आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाजवळ रोज प्रवाह मोजतात. मोजपट्टीवर पाण्याची पातळी दिसते. प्रवाह काढायला पात्राचा छेद आणि पाण्याचा वेगही लागतो. पुरानंतर गाळ सरकतो, छेद बदलतो, म्हणून पातळी तीच असली तरी प्रवाह निराळा निघू शकतो. मधल्या अंतरात पाण्याला वेळ लागतो, काही जमिनीत मुरतं. वर सोडलेलं आणि खाली पोचलेलं जुळलं नाही की लगेच चोरीचा संशय घेऊ नकोस. तारखा, छेद, मोजायची पद्धत, या क्रमाने तपास. दिवसाचा आकडा त्याच दिवशी, दोघांच्या सह्यांनी नोंदला जायला हवा. महिन्याने केलेली दुरुस्ती बरोबर असली तरी समोरच्याला पटत नाही.

करारातली कच्ची जागाही ओळखून ठेव. दुसऱ्या परिशिष्टातली सरासरी 1949 ते 1988 ची. वरच्या भागात उपसा वाढला की ती सरासरी कागदावरच राहते. प्रवाह 50,000 च्या खाली गेला तर काय? तातडीने सल्लामसलत, एवढंच. 1977 च्या करारात बांगलादेशला ठरलेल्या वाट्यापैकी किमान 80 टक्के पाण्याची हमी होती, ती यात नाही. तटस्थ लवादही नाही. तक्रार दोन्ही देशांच्या संयुक्त समितीकडून संयुक्त नदी आयोगाकडे आणि तिथून सरकारांकडे जाते. कोसी, गंडकीचं पाणी नेपाळातून येतं आणि नेपाळ या करारात नाहीच. माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच.

दिल्ली-ढाक्याच्या आधी कोलकात्याकडे बघ. 1996 ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी पुढाकार घेतला म्हणून गाडी हलली; 2011 मध्ये पश्चिम बंगालच्याच विरोधामुळे तिस्ता या दुसऱ्या सामाईक नदीचा करार सहीच्या तोंडावर अडला. तेव्हा बंगाली शीक, निदान वर्तमानपत्र वाचण्यापुरती. आणि बांगलादेशातल्या खुलना भागात गंगेची गोराई ही शाखा आटली की खारं पाणी किती आत शिरतं, ते नकाशावर शोध. समोरचा माणूस 27,633 या आकड्यावर का अडून बसतो, ते तिथे कळेल.

जानेवारी ते मे, पंधरा ओळींचा तक्ता करून पाठव. चार रकाने: टप्पा, दिवस, प्रवाह, वाटे. दिवसांचा रकाना मी आधी तपासणार आहे.