पाइप ऑर्गन असलेल्या फ्रेंच मैफलीत ऑर्गन नेमका कुठे ऐकायचा, आणि तिकीट कुठलं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की पॅरिसच्या फिलार्मोनी या सभागृहात एकाच संध्याकाळी दोन फ्रेंच संगीतकारांच्या रचना आहेत: पुलँकचा ऑर्गन कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्रासोबत एका मुख्य वाद्यासाठीची रचना) आणि सँ-साँसची तिसरी सिम्फनी. फोनवर ऐकलीत, पण शेवटचा दणका सोडला तर ऑर्गन कुठे आहे तेच कळलं नाही.

फोनवर तो कळणारच नाही. सिम्फनीच्या संथ भागात ऑर्गन ज्या डी फ्लॅट या सुरावर उभा असतो, त्याचा खालचा खर्ज साधारण ३५ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खाली जेमतेम काही येतं. कान झाकणारे चांगले हेडफोन लावून तोच भाग पुन्हा ऐका, म्हणजे तळाशी काय चाललंय त्याचा अंदाज येईल.

ऑर्गन म्हटल्यावर संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांपुढे येत असेल, तर तो बाजूला ठेवा. त्यात पितळी पत्ती थरथरते. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या बासरीच्या जातीच्या: हवा धारेवर आदळते आणि नळीच्या लांबीवर सूर ठरतो. पत्तीच्या नळ्याही असतात. फ्रेंच ऑर्गनचा तो तुतारीसारखा तिखट आवाज त्यांचाच. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. आवाज वाढवायचा तर आणखी स्टॉप ओढायचे, म्हणजे नळ्यांच्या आणखी रांगा सुरू करायच्या, नाहीतर काही नळ्या ज्या पेटीत बंद असतात तिच्या झडपा पायाने उघडायच्या.

आता सिम्फनी. १८८६ साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीसाठी सँ-साँसने ती लिहिली. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं तो पॅरिसच्या मादलेन चर्चचा ऑर्गनवादक होता, म्हणून हे वाद्य कुठे गप्प ठेवायचं हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळी मिळून ३५ मिनिटांची रचना. भाग दोनच, प्रत्येकाचे दोन पोटभाग, म्हणून थांबा एकदाच येतो, साधारण मध्यावर. तिथे टाळ्या वाजवत नाहीत.

पहिली दहाएक मिनिटं ऑर्गनवादक नुसता बसून असतो. मग तंतुवाद्यांची धावपळ ओसरते, आणि ऑर्गन इतक्या हळू येतो की सुरुवात कळतच नाही. सभागृहातली हवा जरा जड झाल्यासारखी वाटेल, तोच तो. त्या सुरांच्या गादीवर व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो एकत्र एक लांब चाल गातात. मग तीच चाल क्लॅरिनेट, हॉर्न आणि ट्रॉम्बोनकडे जाते. चालीच्या मागे जायचा मोह होईल. मी म्हणेन, पहिल्या खेपेला कान खाली ठेवा. व्हायोलिनच्या गजाला वळावं लागतं, फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. ऑर्गनला यातलं काहीच लागत नाही. वरचे सूर श्वास घेतात आणि खालचा सूर घेत नाही, हीच या भागाची सगळी जादू. माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात.

शेवटच्या भागात सी मेजरचा तो मोठा स्वरसमूह येतो. त्याच्या आधी तंतुवाद्यं हळू होत जातात, तेव्हा बेसावध राहू नका. दणक्यानंतर लगेच पियानोकडे बघा: एकाच पियानोवर दोघं बसून चार हातांनी वाजवत असतात, आणि व्हायोलिनवरच्या हळुवार सुरांभोवती ती लकाकी त्यांची असते.

पुलँकचं उलट आहे. तिथे ऑर्गन पहिल्याच क्षणी जी मायनरमध्ये कोसळतो. सोबतीला फक्त तंतुवाद्यं आणि टिंपनी, म्हणजे नगाऱ्यांसारखे मोठे ढोल, म्हणून ऑर्गनचा प्रत्येक रंगबदल उघडा पडतो. ही रचना लिहून घेणारी होती प्रिन्सेस द पोलिन्याक, म्हणजे शिलाई मशीनवाल्या सिंगरची मुलगी. १९३८ च्या डिसेंबरमध्ये तिच्याच घरी पहिला प्रयोग झाला. ऑर्गनवर मॉरिस द्युरुफ्ले होता आणि कुठे कोणते स्टॉप घ्यायचे हेही पुलँकने त्याच्याच सल्ल्याने ठरवलं. शेवटाकडे एकटा व्हायोला आणि एकटा चेलो येतात, ती जागा चुकवू नका.

बिघडतं ते बहुधा सुरात. ऑर्गनचा सूर मैफलीपुरता बदलता येत नाही, म्हणून ऑर्केस्ट्राच त्याच्याशी जुळवून घेतो. पण सभागृह एका अंशाने तापलं की बासरीच्या जातीच्या नळ्या पाऊण हर्ट्झने चढतात. चार अंश वाढले तर ऑर्केस्ट्रा ज्यावर जुळवतात तो ए हा सूर ४४२ हर्ट्झवरून ४४५ वर जातो. पत्तीच्या नळ्या तेवढ्या चढत नाहीत, सकाळी लावलेला पियानो तर तिथेच राहतो. व्हायोलिनवाले बोट सरकवतात, पियानोवाला काय करणार? म्हणून शेवटच्या भागात पियानो कणसूर वाटला तर दोष वादकांचा धरू नका. दुसरी अडचण अंतराची. नळ्या वादकापासून वीस मीटर दूर असल्या तर आवाज यायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, म्हणून अशा जागी वादकाला कानावर भरवसा न ठेवता कंडक्टरचा हात बघून किंचित आधी वाजवावं लागतं.

तिकिटाचं सांगायचं तर फिलार्मोनीत रीगर कंपनीचा ९१ स्टॉपचा, सहा हजारांवर नळ्यांचा ऑर्गन आहे. तो रंगमंचामागे, वरच्या बाजूला. रंगमंचामागच्या खुर्च्या स्वस्त दिसल्या तरी या कार्यक्रमाला घेऊ नका: ऑर्गन डोक्यावर, हॉर्नची तोंडं तुमच्याकडे आणि व्हायोलिन पाठमोरी. तळमजल्याच्या पहिल्या चार-पाच रांगाही नकोत. तिथे तंतुवाद्यं ऑर्गनला झाकतात. समोरच्या बाल्कनीची मधली जागा घ्या. मागे भिंत जवळ असेल तर आणखी चांगलं, खर्ज भिंतीपाशी भरतो. फक्त डोक्यावर दुसऱ्या बाल्कनीचं खोल छत नाही ना, तेवढं आसनांच्या नकाशात बघून घ्या.