छोट्या कॅबिनेटमधील गेमिंग संगणक : आधी वॉट कमी करा, मग पंख्यांकडे वळा

तुमच्याकडे कूलर मास्टरचे एनआर२००पी हे सुमारे १८ लिटरचे कॅबिनेट (संगणकाची पेटी) आहे आणि त्याला काचेचे पॅनल लावलेले आहे. त्यात रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, जुन्या संगणकातून काढलेला ४७ मिमी उंचीचा एअर कूलर आणि दोन स्लॉट (कॅबिनेटमागच्या दोन खाचा व्यापणाऱ्या) जाडीचे आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. नागपूरच्या मे महिन्यात गेम खेळताना प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो, कार्ड ८० अंशांच्या पुढे जाते आणि हेडफोन लावूनही पंख्यांचा आवाज ऐकू येतो, म्हणून २४० मिमीचा लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा) घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तो घेऊ नये. कूलर कोणताही असला तरी तो उष्णता नाहीशी करत नाही, केवळ एका जागेवरून दुसरीकडे नेतो. आणि तुमच्या संगणकात जी मोठी उष्णता निर्माण होते ती प्रोसेसरची नाही, ग्राफिक्स कार्डची आहे. लिक्विड कूलरमुळे तिच्यात एका वॉटचाही फरक पडणार नाही.

हा हिशेब एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे. खेळताना कार्ड जवळपास २०० वॉट, प्रोसेसर ८० वॉटच्या आसपास आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी वगैरे मिळून आणखी ३० वॉट घेतात, असे धरले तर ३१० वॉट होतात आणि त्यांची सगळी उष्णता त्या १८ लिटरच्या पेटीतून बाहेर पडावी लागते. आत शिरणारी हवा बाहेर पडेपर्यंत फक्त १० अंशांनी तापावी, अशी अपेक्षा ठेवली तर दर सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा खेळती राहिली पाहिजे; म्हणजे कॅबिनेटमधली सगळी हवा सेकंदाला दीड वेळा बदलली पाहिजे. खोलीच ३५ अंशांवर असेल तर कार्डाच्या पंख्यांना ४५ अंशांपर्यंत तापलेली हवा मिळते आणि ते जिवाच्या आकांताने फिरू लागतात. म्हणूनच छोट्या कॅबिनेटमधली शांतता वॉट कमी करण्यापासून सुरू होते, आणि या कामाला एक पैसाही लागत नाही.

सुरुवात कार्डापासून करावी. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १.०५ व्होल्टऐवजी ०.९५ व्होल्टवर तीच फ्रिक्वेन्सी टिकली तर चिपचा वीजवापर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाच्या सेटिंग बदलण्याचा प्रोग्राम उघडून कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचा आलेख दिसतो. त्यातला ०.९५ व्होल्टचा बिंदू २५५० मेगाहर्ट्झच्या आसपास आणावा आणि त्याच्या उजवीकडची रेघ त्याच पातळीवर सपाट करावी. प्रत्येक चिपचा स्वभाव निराळा असतो, म्हणून हा आकडा फक्त सुरुवातीचा समजावा. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचे गणित करून चित्र काढण्याची पद्धत) असलेला एखादा जड गेम तासभर खेळून पाहावा. तो बंद पडला किंवा चित्रात ठिपके दिसू लागले तर फ्रिक्वेन्सी ३० मेगाहर्ट्झने खाली आणावी. एवढे सगळे करायचे नसेल तर पॉवर लिमिट (कार्डाला घेता येणाऱ्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर ठेवावी. त्यानेही कार्ड १६० वॉटवर येते, आणि दर सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेममध्ये (चित्रांमध्ये) पडणारा फरक आकडे समोर मांडल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

प्रोसेसरच्या ९५ अंशांनी घाबरून जाऊ नये. ७७००एक्सची कमाल मर्यादा तीच आहे आणि भार जास्त व कूलर छोटा असेल तर तो स्वतःहून त्या मर्यादेपर्यंत वेग वाढवत नेतो, अशीच त्याची रचना आहे. मात्र कारखान्यातून येताना त्याला १४२ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. खेळताना तो तिथवर क्वचितच पोहोचतो, पण नवा गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात तेव्हा पोहोचतो, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक किंचाळू लागतो. बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘६५ वॉट’ या नावाचा कमी विजेचा इको मोड निवडला की ही मर्यादा ८८ वॉट होते. सोबत कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी करणाऱ्या सेटिंगमध्ये सर्व कोअरना उणे १५ द्यावे. हे मूल्य अति झाले तर संगणक बहुधा पूर्ण भाराखाली नव्हे, तर ब्राउझर उघडा ठेवून स्वस्थ बसलेला असताना अचानक रीस्टार्ट होतो, हे ध्यानात असू द्यावे.

यानंतर हवेचा मार्ग तपासावा. बाजूचे पॅनल काढून अर्धा तास खेळावे आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाचे तापमान व पंख्याचा वेग यांची नोंद करावी. पॅनल काढताच तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर हवेचा मार्ग ठीक आहे. तुम्ही काचेचे पॅनल लावले असल्याने पहिली शक्यता मला दाट वाटते. या कॅबिनेटसोबत जाळीचे पॅनलही मिळते. उन्हाळ्यापुरते तरी तेच लावावे, मग आतले दिवे दिसले नाहीत तरी चालेल. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरून पाहावी. ती जाळीला चिकटली तर तिथून हवा आत येते, फडफडून दूर गेली तर बाहेर जाते, आणि नुसती लोंबकळत राहिली तर त्या जागेचा काही उपयोग होत नाही, बहुधा मागे केबलचा गुंता अडकलेला असतो.

पंख्यांची मांडणी सरळ ठेवावी. तळाशी १२० मिमीचे दोन पंखे कार्डाला थेट बाहेरची हवा देतील आणि वरचे दोन तापलेली हवा बाहेर फेकतील. तुमचे कार्ड दोन स्लॉटचे असल्याने तळाशी २५ मिमी जाडीचे नेहमीचे पंखे बसतात; कार्ड अधिक जाड असते तर १५ मिमीचे पातळ पंखे घ्यावे लागले असते. मागचा ९२ मिमीचा पंखा मी सरळ काढून टाकण्याचा सल्ला देईन, कारण तो हवा थोडी हलवतो आणि कुरकूर फार करतो. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने घटतो. त्यामुळे पूर्ण वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि दोघांचा मिळून आवाजही सुमारे १२ डेसिबलने कमी राहतो. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे निम्मा आवाज वाटतो, हे लक्षात घेतले तर चार संथ पंख्यांवर केलेला खर्च किती सार्थकी लागतो ते कळते.

आवाजाचा त्रास त्याच्या पातळीइतकाच त्याच्या चढउताराने होतो. रायझनचे तापमान नुसते ब्राउझर उघडताच क्षणभर २० अंशांनी उसळते आणि बायॉसमधला मूळ फॅन कर्व्ह (तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख) त्या प्रत्येक उसळीमागे धावतो. प्रोसेसरचा पंखा ७० अंशांपर्यंत एकाच संथ वेगावर ठेवावा आणि पुढे चढ हळूहळू द्यावा. वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोयही बहुतेक बायॉसमध्ये असते. तळाचे व वरचे पंखे मात्र प्रोसेसरऐवजी कार्डाच्या तापमानाशी जोडावेत. फॅनकंट्रोल या मोफत प्रोग्रामने ते सहज करता येते. हे जुळले की पंखे सतत वरखाली न होता एका स्थिर आवाजावर राहतात आणि काही मिनिटांत कान त्या आवाजाला सरावतो.

नागपूरच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. खिडकीतल्या डेझर्ट कूलरचा झोत संगणकावर थेट येऊ देऊ नका. त्या हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात, आणि पाणी जड असेल तर ते वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर हीटसिंकच्या (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर आणि सर्किटवर बसतो. कूलरमुळे खोली थंड होऊ द्यावी, पण संगणक झोताच्या बाहेर, टेबलावर ठेवावा. उन्हाळ्यात धूळही अधिक उडते, म्हणून तळाची जाळी दर पंधरवड्याला धुऊन पूर्ण सुकवून लावावी. ब्लोअरने आतली धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर झोताने ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

एवढे करूनही खर्च करायचाच असेल तर ४७ मिमीचा कूलर बदलावा. जाळीचे पॅनल लावल्यावर या कॅबिनेटमध्ये १५५ मिमी उंचीपर्यंतचा टॉवर कूलर (उभ्या हीटसिंकचा एअर कूलर) बसतो, आणि १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर तुमच्या ८८ वॉटसाठी भरपूर आहे. त्यात पंप नसल्याने पंपाची घरघरही नसते. घेण्यापूर्वी रॅमची उंची तेवढी मोजून घ्यावी. नव्या मांडणीत ३५ अंशांच्या खोलीत कार्ड ७५ अंशांच्या आसपास आणि प्रोसेसर ८० च्या आत राहिला तर पंख्यांचा वेग आणखी वाढवू नये. त्यानंतरही बारीक चिरचिर ऐकू आली तर ती कार्डाच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) असते आणि मेनूमध्ये शेकडो फ्रेम तयार होत असताना सर्वाधिक जाणवते. मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतकी (तो सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तितकी) फ्रेमची मर्यादा घातली की ती पुष्कळ कमी होते.